आजीचं प्रोटीन

दोघी नात्याने मावशी आणि भाची. मावशी पुण्यात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. आकड्यांत आयुष्य गेल्यामुळे आकड्यांवर चटकन विश्वास न ठेवणारी. भाची नाशिकच्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ. रुग्णाच्या वजनापासून तिचा दिवस सुरू होतो आणि त्याच्या ताटात काय उरलं याची नोंद करून संपतो. भांडणाचं कारण मात्र तिसरीच : मावशीची आई, म्हणजे भाचीची आजी. वय ८२, वजन ४६ किलो, वर्षभरापूर्वी ५१. भाचीने येताना प्रोटीन पावडरचा डबा आणला आणि मावशीने त्याचं सील फोडू दिलं नाही. पात्रं कल्पित आहेत. भांडण मात्र अनेक घरांत ऐकू येईल.

भाची : मावशी, आजी खुर्चीतून कशी उठते ते पाहिलंस? दोन्ही हातांनी रेटा दिल्याशिवाय उठताच येत नाही तिला. मांडीचा स्नायू झडलाय. पाच किलो गेलं त्यात चरबी किती असेल, आधीच कुठे होती तिच्या अंगावर?

मावशी : ८२ वर्षांच्या बाईला काय पोरीसारखं टुणकन उठायचंय? आणि त्याला उपाय म्हणजे हा डबा? त्यावर त्या पैलवानाचं चित्र बघ. आईने आयुष्यभर भाकरी-वरण खाल्लं, चार बाळंतपणं काढली, शेतावर राबली. तिला कुणी प्रोटीन मोजून वाढलं नव्हतं.

भाची : मी मोजलं. काल दिवसभर तिने काय खाल्लं ते लिहून काढलं. तीन वेळा अर्धा-अर्धा कप चहा, चार बिस्किटं, दुपारी वाटीभर मऊ भात, त्यावर वरण, थोडं तूप, रात्री कुस्करलेली एक पोळी आणि कपभर दूध. सगळं मिळून वीस-बावीस ग्रॅम प्रथिन. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा आकडा किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे तिला ३८ ग्रॅम हवं. आणि तिच्या वयाला आम्ही एक ते १.२ ग्रॅम धरतो. तसं धरलं तर ४६ ते ५५. निम्मंसुद्धा जात नाही पोटात.

मावशी : हे ग्रॅमचं पुराण आम्ही पूर्वी एकदा ऐकलंय, बाई. तू जन्मायच्या आधी.

मावशी खोटं बोलत नाही. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका सल्लागार समितीने ‘येऊ घातलेल्या प्रथिन-संकटा’वर अहवाल काढला होता. गरीब देशांतली मुलं खुरटतात, सुजतात, मरतात, याचं मुख्य कारण प्रथिनाचा तुटवडा, असं तेव्हा बहुतेक तज्ज्ञ मानत. मग उपायही तसेच निघाले. मासे वाळवून त्यांचं बिनवासाचं पीठ, शेवाळ, आणि पेट्रोलियमवर वाढवलेलं यीस्टसुद्धा. भुकेल्या मुलाला खनिज तेलावर वाढलेलं यीस्ट खाऊ घालावं असं गंभीर माणसांना गंभीरपणे वाटत होतं. या घोड्याला लगाम घालणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध हे गाव. रोममध्ये जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे ते संचालक होते.

मावशी : सुखात्म्यांचा मुद्दा इतका साधा होता की तो तज्ज्ञांना पटायला वेळ लागला. भारतातले आहाराचे आकडे घेऊन त्यांनी पाहिलं, प्रथिन कमी पडणारी माणसं कोण? तर बहुतेक तीच, ज्यांना मुळात पोटभर मिळत नाही. पोटभर भाकरी-डाळ मिळाली तर प्रथिन आपोआप पुरतं. आणि पोटभर मिळत नसेल तर वरून घातलेलं प्रथिन जातं कुठे, ते तूच सांग.

भाची : जळतं. शरीराला आधी इंधन लागतं. पिष्टमय पदार्थ आणि चरबी कमी पडली की यकृत अमिनो आम्लांमधला नायट्रोजन काढून त्याचा युरिया करतं, उरलेल्या भागाची साखर बनवतं आणि ती मेंदूला, रक्तपेशींना पुरवतं. अर्धपोटी माणसाला दिलेल्या पावडरचा बराचसा भाग स्नायूत जात नाही, चुलीत जातो. हे मला मान्य आहे.

मावशी : मग! हैदराबादला पोषणशास्त्रज्ञ गोपालन यांनीही तेच दाखवलं. अंगावर सूज येणारा क्वाशिओरकोर आणि नुसतं हाडांचा सापळा करणारा सुकटीचा आजार, दोन्ही प्रकारच्या मुलांच्या घरचं खाणं सारखंच होतं. सूज म्हणजे प्रथिन कमी आणि सापळा म्हणजे अन्न कमी, अशी सोपी वाटणी चालेना. शेवटी डोनाल्ड मॅक्लेरन यांनी १९७४ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहून या सगळ्या प्रकाराला प्रोटीनची मोठी फजिती म्हटलं. त्याच्या आदल्याच वर्षी जागतिक समितीने प्रौढांची प्रथिनाची गरज किलोमागे ०.५७ ग्रॅमवर आणली होती. एका सहीने जगातलं अर्धं संकट नाहीसं झालं!

भाची : आणि पुढे? १९८५ साली ते परत ०.७५ झालं, २००७ साली ०.८३. तू गोष्ट मधेच थांबवतेस, मावशी. ०.५७ हे अंड्या-दुधाच्या प्रथिनाचं माप होतं. तुझ्या आईच्या ताटात अंडं नाही, दूध कपभर, बाकी भात आणि पोळी.

मावशी : प्रथिन ते प्रथिन.

भाची : नाही ना! तिथेच तर सगळं आहे. आपण प्रथिन खातो, पण शरीर ते जसंच्या तसं वापरत नाही. जठर आणि आतडं त्याचे तुकडे करून वीस प्रकारची अमिनो आम्लं सुटी करतात. त्यातली अकरा शरीर स्वतः बनवू शकतं. नऊ बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच यायला हवीत. पेशीतला रायबोसोम जनुकाची नक्कल वाचत एकामागून एक अमिनो आम्ल जोडत जातो. जुन्या छापखान्यात खिळे जुळवणारा असायचा ना, तसा. त्याच्याकडे ‘ळ’चा खिळा संपला तर बाकीचे खिळे खोकी भरून असले तरी ‘कमळ’ छापता येत नाही.

मावशी : मग तो काय करतो? हातावर हात?

भाची : काही काळ काम मंद करतो. आणि मग जुनी जुळवलेली पानं सोडवून त्यातले ‘ळ’ काढतो. शरीरात ही जुनी पानं म्हणजे स्नायू. हृदयाचं प्रथिन, यकृताचं प्रथिन, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं, आतड्याचं अस्तर, यांना माल कमी पडून चालत नाही. मांडीचा स्नायू थोडा कमी झाला तरी माणूस जगतो. चरबीसारखा प्रथिनाचा वेगळा साठा शरीरात नसतो, मावशी. जो साठा म्हणून वापरला जातो तो कामाचाच असतो.

इथे थोडं थांबायला हवं, कारण ही जुनी पानं सोडवण्याची गोष्ट भाची म्हणते त्याहून विलक्षण आहे. १९३०च्या दशकापर्यंत समज असा होता की प्रौढ शरीर एकदा घडलं की घडलं, खाल्लेलं प्रथिन इंधनासारखं येतं आणि जातं. नाझी जर्मनी सोडून न्यूयॉर्कला आलेल्या रुडॉल्फ शोनहायमर यांनी जड नायट्रोजनची खूण लावलेलं ल्यूसिन हे अमिनो आम्ल पूर्ण वाढलेल्या उंदरांना खाऊ घातलं. ते लघवीवाटे बाहेर पडेल अशी अपेक्षा. निम्म्याहून अधिक खूण उंदरांच्या शरीरातल्या प्रथिनांतच मिसळलेली सापडली. वजन वाढलं नव्हतं, म्हणजे तेवढंच जुनं बाहेर पडलं होतं. साठ-सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे अडीचशे ते तीनशे ग्रॅम प्रथिन मोडतं आणि जवळपास तितकंच नव्याने बनतं. खाण्यातून येतं त्याच्या तीन-चारपट. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी चार-पाच दिवसांत बदलतात, तांबड्या पेशी साधारण १२० दिवसांत. मोडलेल्यातलं बहुतेक पुन्हा वापरलं जातं, पण सगळं नाही, आणि जे गळतं ते भरून काढण्यासाठी आपण रोज जेवतो. मोडायचं कोणतं हेही पेशी नेमकं ठरवते. निकामी प्रथिनावर युबिक्विटिन नावाच्या चिमुकल्या प्रथिनाची खूण लावली जाते आणि मग ते तोडणाऱ्या यंत्रणेत जातं. हे उलगडणाऱ्या तिघांना २००४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मला स्वतःला या सगळ्यात बनण्यापेक्षा मोडण्याची शिस्त अधिक थोर वाटते. घरातल्या अडगळीकडे पाहून तर जास्तच.

मावशी : बरं, ‘ळ’ संपला. आईच्या ताटात ‘ळ’ कोणता?

भाची : लायसिन. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, सगळ्या धान्यांत ते कमी. ज्वारीत तर फारच कमी.

मावशी : ज्वारीला नावं ठेवू नकोस. अर्धा महाराष्ट्र ज्वारीवर उभा राहिला.

भाची : उभा राहिला, पण ज्वारीबरोबर तूर होती म्हणून. डाळीत लायसिन भरपूर, आणि डाळीत जे मेथिओनिन कमी ते धान्यात पुरेसं. वरण-भात, भाकरी-पिठलं, खिचडी, थालीपीठ, या सगळ्यांत एकाची उणीव दुसरं भरून काढतं. एकाच घासात दोन्ही असायला हवं असंही नाही, दिवसभरात आलं तरी चालतं. नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्यांना काय होतं ते तुझ्या त्याच गोपालन यांनी लिहिलंय. दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांना पेलाग्रा व्हायचा. उन्हात उघड्या राहणाऱ्या मानेवर, हातांवर कातडी काळी पडून सोलायची, मन ठिकाणावर राहायचं नाही. जगात इतरत्र तो मक्यावर जगणाऱ्यांचा रोग. १९६० साली गोपालन आणि श्रीकांतिया यांनी म्हटलं, ज्वारीत ल्यूसिन फार आहे, आणि ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून नायसिन हे जीवनसत्त्व बनवण्याच्या कामात ते आड येतं.

मावशी : ल्यूसिन म्हणजे या डब्यावर ठळक छापलंय तेच?

भाची : तेच.

(हा आनंद मावशीच्या चेहऱ्यावर लपत नाही. ज्वारीत खलनायक आणि डब्यावर नायक असलेला हा पदार्थ. गोपालन यांच्या या स्पष्टीकरणावर पुढे बराच वाद झाला. एवढं खरं की एखादं अमिनो आम्ल चांगलं की वाईट, हे एकट्याने ठरत नाही.)

भाची : हसू नकोस. आता तू सांग, सुखात्मे म्हणाले पोटभर भाकरी-डाळ. त्यातली डाळ कुठे गेली? तुझेच आकडे आहेत. १९५१ साली देशात माणशी रोज साठेक ग्रॅम डाळ उपलब्ध होती, शतक संपता संपता तीसच्या आसपास आली.

मावशी : ते खरं आहे. हरित क्रांतीने गहू-तांदळाला पाणी, खत आणि हमीभावाची खरेदी दिली. तूर-हरभऱ्याला कोरडवाहू रान उरलं. पिकाची चांगली जमीन गव्हाकडे गेली. रेशनवरही गहू-तांदूळ नेमाने मिळतो, डाळ मात्र तशी नेमाने नाही. पोट भरण्याचा प्रश्न आपण सोडवत आणला, तो धान्याने. सुखात्म्यांच्या वेळच्या पोटभर ताटात आणि आताच्या पोटभर ताटात फरक पडला, हे मी नाकारत नाही.

भाची : म्हणजे उष्मांक पुरे आणि लायसिन अपुरं, अशी माणसं आता असू शकतात.

मावशी : असू शकतात. पण ती कोण, हे तुझी पावडर विकणारे सांगणार नाहीत. जिमला जाणाऱ्या मुलाला दूध-अंडी आधीच मिळतात. त्याच्या घरी धुणं-भांडी करायला येणारी बाई सगळ्यांचं झाल्यावर आपल्या घरी जेवते, तेव्हा पातेल्यात काय असतं ठाऊक आहे? वर वर राहिलेलं पाणी. घट्ट डाळ आधी पुरुषांना वाढलेली, मग मुलांना. आणि हे फक्त तिच्याच घरात नाही. या घरातही तळाची डाळ कुणाच्या वाटीत जायची ते मी लहानपणी बघितलंय. आई पळीने ढवळून, खालून डाळ काढून आमच्या वडिलांना वाढायची. स्वतःच्या भातावर वरचं पाणी. सरासरी काढली तर घरात माणशी पुरेशी डाळ होती!

हे वाक्य मावशीच्या तोंडी शोभतं. पुण्यात ऐंशीच्या दशकात सुखात्मे आणि वि. म. दांडेकर यांच्यात झडलेला वाद तिच्या पिढीने ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त वाचला होता. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली गरिबी मोजताना माणशी रोज २२५० उष्मांकांची रेघ धरली. सुखात्मे म्हणत, माणसामाणसाची गरज वेगळी, आणि एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, शरीर जुळवून घेतं. सरासरीच्या खाली असणारा प्रत्येक जण उपाशी धरू नका. टीकाकारांना यात भुकेचा आकडा लहान करण्याची सोय दिसली. मला वाटतं टीकाकारांचं निम्मं बरोबर होतं. शरीर जुळवून घेतं हे खरंच, पण ते कशाच्या मोबदल्यात घेतं हा प्रश्न संख्याशास्त्राच्या हाती लागत नाही. आजी चाळीस वर्षं वरचं पाणी पिऊन जगली, याला जुळवून घेणं म्हणायचं की काय, हे तिच्या मांड्या पाहून ठरवावं.

मावशी : आणि एक सांग. एखादं अमिनो आम्ल इकडचं तिकडे झालं तर एवढं काय बिघडतं? शरीर इतकं नाजूक असतं का?

भाची : ते जागेवर अवलंबून. सिकलसेल बघ. हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या, त्यातल्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं, बस्स. व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५०च्या दशकात केंब्रिजला ते शोधलं. व्हॅलिनला पाण्याशी सलगी नको असते. मग ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोरे होतात आणि तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. नंदुरबारला, गडचिरोलीला जाऊन बघ, मुलं हातपाय धरून रडतात. पण हे खाण्याने आलेलं नाही आणि खाण्याने जाणारही नाही, जनुकातच तसं लिहिलेलं असतं. रुग्णालयात आईबाप विचारतात, कोणती डाळ देऊ? मला फार अवघड जातं उत्तर द्यायला.

मावशी : हं.

भाची : प्रथिनाचं काम त्याच्या आकारावर चालतं, आणि आकार त्या साखळीच्या क्रमावर. इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचं, एवढंसं, पण त्याच्याशिवाय स्नायूच्या आणि चरबीच्या पेशी साखर नीट आत घेत नाहीत. रक्तातलं अल्ब्युमिन पाणी धरून ठेवतं, ते कमी झालं की पायावर सूज. प्रतिपिंडं प्रथिनंच. एन्झाइम्स जवळजवळ सगळी प्रथिनं.

मावशी : मग आईचं अल्ब्युमिन तपासू. कमी निघालं तर तुझा डबा, नाहीतर परत.

भाची : तसं नाही करता येत. लोक तेच करतात आणि चुकतं. साधा जंतुसंसर्ग झाला तरी अल्ब्युमिन उतरतं, आणि उपाशी माणसाचं कितीतरी दिवस ठीक राहतं. खाण्याचं माप त्यावरून काढू नये. आजीच्या बाबतीत वजन, हातातली पकड आणि खुर्चीतून उठणं, एवढं पुरेसं बोलकं आहे. तपासायचंच तर क्रिएटिनिन तपास. मूत्रपिंड अधू असेल तर प्रथिन वाढवताना डॉक्टरला विचारलंच पाहिजे.

मावशी : पण तिला एक-सव्वा ग्रॅम कशाला? तरण्याला ०.८३ आणि म्हातारीला जास्त, हा कुठला न्याय?

भाची : म्हातारा स्नायू बहिरा होतो म्हणून. तरुण माणसाने एका वेळी वीसेक ग्रॅम चांगलं प्रथिन खाल्लं की स्नायूत बांधणी जोरात सुरू होते. त्यात ल्यूसिन नुसता माल नसतं, इशाराही असतं. पेशीला कळतं की माल आला, कामाला लागा. म्हातारपणी तोच इशारा मोठ्याने द्यावा लागतो. आजीच्या पोटात एका बैठकीला पाच-सात ग्रॅम जातं. चहाबरोबर तर दोन. स्नायूला ऐकूच येत नाही. आणि हालचाल नसेल तर ऐकून उपयोग नाही. म्हणून मी तिला दिवसातून दोनदा खुर्चीतून उठबस करायला सांगणार आहे. जमेल तेवढी, हळूहळू वाढवत.

मावशी : हे तू आधी सांगायचं होतंस. डबा नंतर काढायचा.

भाची : डब्यावरून आठवलं. तुझ्या कपाटात ते कोलॅजेनचं पाकीट कशाचं आहे?

मावशी : गुडघ्यांसाठी. शेजारच्या बाईंनी दिलं.

भाची : मावशी!

मावशी : विकत नाही घेतलं मी.

कोलॅजेनबद्दल दोन शब्द माझेही. कातडी, हाडं, कूर्चा, स्नायुबंध यांना धरून ठेवणारं हे शरीरातलं सर्वांत मुबलक प्रथिन. त्याच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, हे मद्रासला गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यात मांडलं. दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन. ते सर्वांत लहान, म्हणूनच पिळाच्या आतल्या अरुंद जागेत मावतं. इतकं देखणं प्रथिन आपल्या देशात उलगडलं गेलं आणि आपल्याला ते परिचित झालं ते पाकिटावरच्या जाहिरातीतून. खाल्लेलं कोलॅजेन पोटात गेल्यावर बहुतेक सुटी अमिनो आम्लं आणि लहान तुकडे होऊन रक्तात उतरतं. ते गुडघ्यालाच पोचवा अशी चिठ्ठी त्यावर लावता येत नाही. शिवाय त्यात ट्रिप्टोफॅन नसतंच, त्यामुळे प्रथिन म्हणूनही ते अपुरं. शरीर स्वतःचं कोलॅजेन बांधतं तेव्हा त्याला क जीवनसत्त्व लागतं. आवळ्याचं लोणचं मावशीच्या फडताळात आहे, पण लोणच्याला कुणी औषध मानत नाही.

मावशी : बरं, माझं पाकीट मी फेकते. तू मला एक हिशेब करून दे. कालच्या त्या खाण्याचे उष्मांक किती?

भाची : चहाची साखर धरून सातशे-आठशे.

मावशी : आणि हवेत?

भाची : तिच्या वजनाला, वयाला… चौदाशेच्या आसपास.

मावशी : निम्मे! अगं, मग तू मला मघाशी काय सांगितलंस? अर्धपोटी माणसाचं प्रथिन चुलीत जातं. तू तिला चमचाभर पावडर पाण्यातून देणार, तिचं पोट भरल्यासारखं होणार, आणि ती रात्रीची पोळीही सोडणार. तुझं महाग प्रथिन इंधन म्हणून जाळायचं? त्यापेक्षा तूप स्वस्त.

भाची : …मी फक्त प्रथिनाचा रकाना बघत होते.

मावशी : आता मला विचार, ती इतकी कमी का खाते.

भाची : का?

मावशी : खालची कवळी सैल झालीय. हिरडी झिजली, कवळी हलते, टोचते. दिवाळीपासून तिने भाकरी सोडली. मग शेंगदाण्याची चटणी गेली, उसळ गेली, कारण मटकीचा दाणा कवळीखाली जातो. राहिलं ते चहात बुडवलेलं बिस्किट आणि मऊ भात. ती बोलली नाही, मी विचारलं नाही. मला वाटलं वयाने भूक कमी झाली.

डाळीच्या उपलब्धतेपासून रायबोसोमपर्यंत सगळं बोलून झाल्यावर ही कवळी निघाली, याचं मला नवल वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाचं वजन उतरलं की बहुतेक घरांत आधी टॉनिक येतं. तोंड उघडून बघायचं सुचतं ते शेवटी.

भाची : मग कवळी आधी. पण ती बसवून सवय होईपर्यंत महिना जाईल, मावशी. तोवर काय? पिठलं चालेल तिला, मऊ असतं. वाटीभर घट्ट पिठल्यात सात-आठ ग्रॅम प्रथिन येतं. मुगाचं धिरडं दह्यात कुस्करून. वरण घट्ट, खालून ढवळून, आणि आता तिच्या वाटीत आधी. शेंगदाण्याचं बारीक कूट भातावर. त्यात चरबीही आहे, उष्मांक वाढतील. खिरीत दुधाची पावडर. रात्रीच्या दुधाबरोबर सकाळीही कपभर.

मावशी : हे सगळं घरात आहे.

भाची : सगळं मिळून चाळीस ग्रॅमच्या पुढे जाईल, पण पन्नासला पोचेल असं मला वाटत नाही. ती एका वेळी फार खाऊ शकत नाही. म्हणून म्हणते, खिरीत एक चमचा पावडर घालू या. जेवणाऐवजी नाही, जेवणात. दुधाच्याच पाण्यातून काढलेलं प्रथिन असतं ते, परकं काही नाही.

मावशी : आधी रक्त तपासून घे. आणि महिनाभर पिठलं-धिरडं करून वजन बघू. वाढलं नाही तर घाल तुझा चमचा. मी विरोध करणार नाही.

भाची : एक महिना म्हणजे तिच्या वयाला बराच काळ आहे. गेलेला स्नायू परत मिळवणं फार कठीण असतं. पंधरा दिवस.

मावशी : तीन आठवडे.

भाची : बरं. पण खुर्चीतली उठबस आजपासून. सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा, हात न टेकता जमेल तितकं. तू समोर उभी राहून करवून घ्यायचंस.

मावशी : मी? ती माझी आई आहे. मी सांगितलं म्हणून ती आजवर कधी उठली नाही, आता बसायची. तू सांग. नातीचं ऐकते ती.

भाची : मी रविवारी परत जातेय.

मावशी : मग रोज फोन कर. सकाळी आठला. पण स्वयंपाकाच्या वेळी नको, तेव्हा ती पळी माझ्या हातात देत नाही.